भिंतीवरचं माळधरा

नारळाचं झाड पाहिजे म्हणे! माळधऱ्यात! अजी, आमच्या माळधऱ्यात नारळ दिसे तो फक्त मारुतीपुढं, अन् तोही फुटलेला. पण सरपंच बाबारावनं मले भिंतीपुढं उभं केलं अन् हात हलवून हलवून सांगतलं, "पाय अश्वजित, पाहणारा म्हणला पाहिजे, वा! काय गाव होतं! मागं दोन डोंगर काढ, मधातून सूर्य काढ, इकडून नदी आण, अन् काठाले नारळाची चार-पाच झाडं टाक."

म्या इचारलं, "बाबारावजी, आपलं गाव कारंजा तालुक्यात होतं का कोकणात?"

तो हासला. मले काही हासू आलं नाई. माहं डोकं तेव्हाच तापलं होतं, अन् खरं सांगतो, ते आजपर्यंत थंड झालं नाई.

मी अश्वजित पेंटर. कारंज्याले हायवेवर माहं दुकान आहे, म्हणजे होतं म्हणा. ट्रकच्या मागची कमळं, ढाब्याचे बोर्ड, 'जेवण तयार आहे', कृषी केंद्राच्या भिंतीवरचे बियाण्याचे कापूस, सारं माह्या हातचं. मंग फ्लेक्स आला. नागपूरहून तासाभरात छापून आणायचा अन् खिळे ठोकून मोकळं व्हायचं. लोकाईले वाटलं हेच भारी. दोन हजार तीन साली माह्या हाताले महिना महिना काम नसे, तेव्हा हे भिंतीचं काम आलं.

माळधरा चौऱ्याण्णवले पाण्यात गेलं. धरण झालं, मोबदला झाला, ट्रकमध्ये छपराचे कवेलू अन् दारं भरून आम्ही सारे हायवेजवळच्या माळावर येऊन बसलो. नवं माळधरा. प्लॉट पाडले, चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठ्या पण लेकाच्या काय शहाण्या! आमची बौद्धाईची सारी घरं बरोबर शेवटच्या ओळीत निघाली, नाल्याच्या काठाले. एक चिठ्ठी चुकली नाई. जुन्या गावात आम्ही गावाच्या उगवतीले होतो, इथं मावळतीले आलो. सरकारनं तेवढाच बदल केला.

तं नऊ वर्षांनी गावात सभागृह झालं. त्याच्या मोठ्या भिंतीवर जुन्या गावाचं चित्र पाहिजे असं ठरलं. काऊन की जुन्या गावाचा एक फोटो कोणाजवळ नाई. एक पण नाई! लग्नातले फोटो आहेत घरोघर, पण त्यात मागं मांडवाचं कापड दिसते, गाव दिसत नाई. नवीन पोट्ट्याईले इचारलं, माळधरा कसं होतं, तं ते तलावाकडं बोट दाखवतात. म्हणजे ही भिंत हेच आता गाव होणार होतं. ज्याचं घर या भिंतीवर आलं, त्याचं घर होतं. ज्याचं आलं नाई, ते नव्हतंच. ही गोष्ट मले पहिल्या दिवशी समजली, अन् म्हणूनच म्या नारळावर भांडण केलं. नारळावर नमतं घेतलं असतं तं पुढं कशाकशावर घ्यावं लागलं असतं, कोण जाणे.

बाबारावच्या बाजूले बंडूजी मास्तर उभे होते. हे आमच्या शाळेचे ड्रॉइंगचे मास्तर, आता रिटायर. म्या त्याईच्याकडं पाह्यलं. म्हटलं, तुम्ही तरी बोला जी. पण हेच ते मास्तर, ज्याईनं आमाले चौथीपासून दोन डोंगर अन् मधात सूर्य शिकवला होता. माळधऱ्याच्या शाळेत बसून, खिडकीतून पळस दिसून राह्यला अन् वहीत नारळ काढून राह्यलो आम्ही! एक मात्र त्याईनं चांगलं शिकवलं, जवळचं मोठं काढायचं अन् दूरचं लहान. तेवढ्यावर माहं पोट चाललं.

बंडूजी खाकरले अन् म्हणाले, "नारळ राहू द्या सरपंच. कडूनिंब शोभल."

चला, नारळ टळला.

म्या चित्र काढलं ते माह्या जागेवरून. म्हणजे कसं, चित्र काढणारा कुठीतरी उभा राहते न? मी उभा राह्यलो आमच्या वस्तीच्या टोकाले, बाभळीखाली, जिथं मी पोट्टा असताना बकऱ्या घेऊन बसत जाओ. तिथून जे दिसे ते काढलं. पुढं आमची वस्ती, अठरा घरं, मातीच्या भिंती, कवेलू, कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्याईचं कुंपण. मधात आमची विहीर, रहाटासकट. विहिरीजवळ विहाराची खोली अन् तिच्यावरचा निळा झेंडा. त्याच्या मागं मोठं गाव, मारुतीचा पार, गावाची विहीर, चिंच, महादेवरावचं दुकान, अन् पार मागं बाबारावचं माडीचं घर. सारं काढलं, कोणाचं एक कवेलू सोडलं नाई. महादेवराव दुकानदार स्वतः येऊन पाहून गेले अन् म्हणाले, "माह्या दुकानाची फळी डाव्या बाजूले होती." म्या फळी डाव्या बाजूले केली.

माही माय, अन्नपूर्णा, रोज पोतं घेऊन भिंतीपुढं बसे. पासष्टीची बाई, पण नजर कशी! "दार तिकडं नाई बे, इकडं. उंबरठा एवढा उंच नव्हता. तानाबाईच्या घरापुढं पाटा होता, तो कुठी गेला?" मी काढो अन् ती पुसायले लावे. विहिरीपाशी आलो तं म्हणे, "थांब, हे नीट काढ. हे तुह्या बापानं खणली आहे."

मले माहीत नव्हतं का? हजारदा ऐकलं होतं. छप्पनच्या दसऱ्याले आमचे लोक नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आले, अन् गावानं विहीर बंद केली. म्हणे, आता तुमचा धर्म वेगळा तं पाणी पण वेगळं पाहा. पहिले तरी कुठी काठावर चढू देत होते, वरून ओतत होते तेवढंच. ते पण बंद. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या अठरा घराईनं स्वतः विहीर खणायले घेतली. सब्बल, टिकास, घमेली, बस. माह्या बापाचं, नानाजीचं, वय तेव्हा बावीस. तीस फुटावर काळा दगड लागला. तो फोडता फोडता बाबाच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. बाबा मरेपर्यंत तीन बोटाईनं बिडी धरत असे. अन् मंग बहात्तरचा दुष्काळ आला. गावाची विहीर आटली, आमची नाई आटली. तेव्हा कसं मुकाट्यानं आलं सारं गाव! रांगा लागल्या. माही माय रहाटावर उभी राहून सकाळपासून दुपारपर्यंत पाणी ओढे अन् गावाच्या बायाईच्या घागरी भरे. बाबारावची माय रुख्माबाई पण त्यात असे. तेव्हा कोणी नाई म्हटलं, की हे पाणी वेगळं आहे.

तं म्या विहीर नीट काढली. रहाटाची दोरी घासून लाकडाले खाच पडली होती, ती पण काढली. माय उठली, विहिरीजवळ गेली, हात पुढं केला.

"ओला आहे रंग!" मी ओरडलो.

"बरं बापा, वाळू दे," ती म्हणे. "मंग लावीन."

हे आमच्याकडचं आहे. आमचे लोक चित्र नुसतं डोळ्यानं पाहत नाईत, बोटानं पाहतात. लग्नाचा फोटो असो का नकाशा असो, बोट ठेवल्याशिवाय त्याईले पटत नाई. 'हे माहं', 'हे आमचं', बोट टेकलं की झालं. ही साधी गोष्ट मी पुढं इसरलो. कसा इसरलो, त्याची लाज आजही वाटते.

चित्र होत आलं अन् बाबाराव पाहायले आला. सोबत बंडूजी. बाबाराव बराच वेळ पाहत राह्यला. मंग म्हणे, "माहं घर कुठी आहे?"

म्या दाखवलं. मागं, माडी, वीतभर.

"एवढंसं?"

"दूर आहे न जी. जवळचं मोठं, दूरचं लहान. मास्तराईले इचारा."

मास्तर जमिनीकडं पाहून राह्यले.

बाबाराव हुशार माणूस. तो घरावर अडला नाई. आवाज मऊ केला अन् म्हणे, "घराचं जाऊ दे बे. पण पाय, हे इकडं एक वस्ती अन् तिकडं एक गाव, असे दोन तुकडे दिसून राह्यले. दोन विहिरी. उद्घाटनाले मोठा पाहुणा येणार आहे. त्यानं इचारलं, ही वस्ती वेगळी काऊन, विहीर दुसरी काऊन, तं काय सांगायचं? आता आपण सारे एक आहोत न? मंग जुना भेद भिंतीवर कायले टांगून ठेवतं? त्यापेक्षा पुढचं सारं कापसाचं वावर करून टाक. हिरवंगार. वर बोंडं फुटलेली. आपली ओळख कापूसच आहे की नाई?"

माह्या कानशिलावर कोणी मारावी तसं झालं. म्या म्हटलं, "बाबारावजी, भेद भिंतीवर नाई, भेद चिठ्ठ्याईत आहे. शेवटची ओळ पाहून या पहिले. अन् एक व्हायचं असंल तं मागचं वावर करा न! मागचं गाव पुसतो मी, पुढची वस्ती राहू द्या. तेही एकच दिसल."

"तोंड सांभाळ," तो म्हणे.

"तोंड कायले सांभाळू? बहात्तरले तुमची माय—"

"मायवर जाऊ नको!"

बंडूजी मधात पडले. बाबारावनं आवाज उतरवला, पण बोलला ते साफ बोलला. "पाय, तुले जमत नसंल तं सांग. नागपूरले माहा भाचा आहे, त्याच्याकडं कम्प्युटरवर गावाचे रेडीमेड फोटो आहेत. डोंगर, नदी, झोपडी, सारं आहे. बावीस फुटाचा फ्लेक्स आणतो अन् लाकडी पट्ट्या ठोकून या भिंतीवर लावतो. चार दिवस देतो तुले."

अन् गेला. साला गेला निघून.

मी भिंतीपुढं बसलो. पट्ट्या ठोकल्या म्हणजे प्लॅस्टर फुटणार. प्लॅस्टर फुटलं म्हणजे चित्र गेलं, आमचं पण अन् त्याईचं पण, अन् वर ते कोणत्या देशाचं तरी नारळवालं गाव. पंचायतीत आमचे दोन मेंबर होते, त्याईच्याकडं गेलो. एक म्हणे, "आता निवडणूक जवळ आहे." दुसरा म्हणे, "तू पेंटर आहे बे, पेंटरसारखं राह्य." गुस्सा तं एवढा आला की वाटलं, डब्बे उचलावे अन् सारी भिंत काळी करून टाकावी. पण ज्याले पोट आहे अन् म्हातारी माय आहे, त्याचा गुस्सा घरी येऊन बसते अन् वरण-भात जेवते.

मंग मले एक चलाखी सुचली. हौ, चलाखीच म्हणतो मी तिले. चित्र सारं ऑइल पेंटचं. ऑइल पेंट एकदा वाळला की दगड. अन् पुडीचा डिस्टेंपर येते न, पाण्यात कालवायचा, स्वस्तातला, त्यात सरस घालावा लागते, म्हणजे तो भिंतीले धरते. सरस नाई घातला, अन् तोही ऑइल पेंटच्या गुळगुळीत भिंतीवर मारला, तं तो नुसता वर बसून राहते. ओल लागली की निघते. सभागृहाच्या त्या भिंतीले वरून पाणी झिरपे, ठेकेदाराची मेहरबानी. म्या हिशेब केला, दोन पावसाळे. दोन पावसाळ्यात वावर गळून पडल अन् विहीर आपोआप वर येईल. तोपर्यंत बाबारावची सरपंचकी पण संपली असंल. कोणाले काही बोलायचं नाई, कोणाशी भांडायचं नाई. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. मूर्ख!

माय त्या दिवसात पुलगावले गेलती, माह्या बहिणीकडं, पौर्णिमाकडं. ती नाई हे पाहूनच म्या काम उरकलं. एका दुपारी. हिरवी पुडी कालवली, पांढरी पुडी कालवली, सरसाचा डब्बा उघडला पण नाई. पहिला हात मारला तो आमच्याच दारावर. माहा हात थरथरला असं मी सांगणार नाई, काऊन की नाई थरथरला. सराईत हात आहे, तो सरळ चालला. दार गेलं, तानाबाईचा पाटा गेला, झेंडा गेला, रहाट गेला. संध्याकाळी तिथी छान कापूस फुटला होता.

बंडूजी पाहायले आले. जवळ गेले, वावरावर बोट फिरवलं. बोट हिरवं झालं. त्याईनं बोटाकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं, अन् बोट धोतराले पुसलं.

"सरस इसरला का बे?" हळूच म्हणाले.

"हौ जी. इसरलो."

"चालते," म्हणाले, अन् निघून गेले. तेव्हा मले वाटलं, मास्तर आपल्या बाजूचे आहेत. आता वाटते, आम्ही दोघं एकाच बाजूचे होतो, गप्प बसणाऱ्याईच्या.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळपासून लाउडस्पीकर. रांगोळ्या, हारतुरे, पाहुण्यासाठी टेबलावर पांढरं कापड अन् स्टीलचा जग. पुढच्या खुर्च्याईवर मोठं गाव, मागच्या सतरंजीवर आमची शेवटची ओळ. माय पुलगावहून सकाळच्या बसनं आली ती सरळ हॉलमध्येच. नवं लुगडं नेसली होती. सोबत आणलेली पिशवी माह्या हातात दिली अन् म्हणे, "वाळला न आता रंग?"

मले वाटलं, सांगावं. पण तेवढ्यात पाहुणा आला, टाळ्या झाल्या अन् बाबारावच्या मायनं, रुख्माबाईनं, पडदा ओढला. सर्वांत वयस्क बाई म्हणून मान तिले.

पडदा पडला अन् काय सांगू, मोठं गाव उठलंच! पाहुण्याले कोणी इचारत नाई. सारे भिंतीले भिडले. "हा पाहा पार!" "हे आमचं घर, हे खिडकी पाय!" बोटंच बोटं. महादेवराव दुकानदारानं आपल्या दुकानाच्या फळीवर बोट ठेवलं अन् डोळे पुसले. तेव्हा मले आठवलं. बोटं! म्या पावसाळे मोजले होते, पण ही बोटं मोजली नव्हती. वावराकडं मात्र कोणी गेलं नाई. वावरात कोणाचं घर नव्हतं न.

आमचे लोक सतरंजीवरून उठले नाईत. पाहून राह्यले नुसते. माय उभी राह्यली. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिनं नजर फिरवली. पुन्हा फिरवली. मंग माह्याकडं वळली.

"अश्वजित, आपलं घर कुठी आहे?"

"माय, बाहेर चाल, सांगतो."

"बाहेर कायले? इथंच सांग."

मी सांगणारच होतो, तं पुढून रुख्माबाईचा आवाज आला. म्हातारी ऐंशीच्या वर, कानानं कमी, म्हणून बोले ते मोठ्यानं. आपल्या माडीवर बोट ठेवून झालं होतं तिचं. आता ती बोट भिंतीवरून खाली खाली आणून राह्यली होती, जशी घरून पाण्याले निघाली. पार, दुकान, चिंच, अन् मंग वावर. तिथी थांबली.

"अरे बाबाराव," ती म्हणे, "इथं तं विहीर होती. बौद्धाईची. बहात्तरले तिचंच पाणी पेलो न आपण. कोण बुजवली?"

बाबाराव दात ओठ खात म्हणे, "माय, खाली बस तू. तुले काही आठवत नाई."

"मले आठवत नाई? घागर म्या वाह्यली का तू वाह्यली?" अन् तिनं जोरात बोट घासलं भिंतीवर. बोट हिरवं. तिनं ते वर करून पाह्यलं. "हे काय वं? रंग लागून राह्यला हाताले."

माह्या मायनं ते बोट पाह्यलं. मंग माह्याकडं पाह्यलं. तिले काही समजवून सांगावं लागलं नाई. माह्यासारखा पेंटर घरात पोसला होता तिनं, कोणता रंग कच्चा अन् कोणता पक्का, हे तिले माहीत होतं.

"हे तू केलं?"

"माय, ऐक. खाली सारं तसंच आहे. सरस घातलाच नाई म्या. दोन पावसाळे थांब, आपोआप निघल—"

"दोन पावसाळे?" ती म्हणे. आवाज चढला नाई तिचा, चढला असता तं बरं झालं असतं. "तुह्या बापाची बोटं काय पावसाळ्यानं गेलती?"

अन् ती चालायले लागली. सतरंजी ओलांडली, खुर्च्या ओलांडल्या, पाहुण्याच्या टेबलाशी गेली. पाहुण्याचा पाण्याचा जग उचलला. नव्या लुगड्याचा पदर त्यात बुचकळला, अन् भिंतीपाशी जाऊन उकिडवी बसली, घर सारवायले बसते तशी. अन् पुसायले लागली. वरून खाली, वरून खाली. हिरवं पाणी फरशीवर वाहायले लागलं.

"अरे धरा तिले!" बाबाराव ओरडला. "सरकारी भिंत आहे! अरे धरा कोणीतरी!"

कोण धरते? पुढची पोट्टी उठली खरी, पण रुख्माबाई मधात उभी होती, काठी टेकून, अन् वाकून पाहून राह्यली होती. "ते पाय," ती म्हणे, "रहाट निघाला."

पहिले रहाट निघाला. मंग दोरीची खाच. विहिरीचा काठ. मंग झेंडा, ऑइल पेंटचा निळा, धुतल्यावर असा चमकला की आजच मारला. तेव्हा मागं सतरंजीवर खळबळ झाली. तानाबाई उठली, तिच्या मागून दुसरी, तिसरी. कोणाच्या हातात पदर, कोणाच्या हातात रुमाल. जगमधलं पाणी संपलं तं बाहेरच्या नळावरून बादली आली. पाच-सात बाया वावर पुसून राह्यल्या होत्या अन् एकेक कवेलू वर येऊन राह्यलं होतं. पाहुणा कधी उठून गाडीत बसला, कोणाले दिसलं नाई. बाबाराव त्याच्या मागं धावला. बंडूजी मास्तर खुर्चीवर बसून होते, हात मांडीवर, परीक्षा चालू असल्यासारखे.

अन् मी? मी मायची पिशवी धरून उभा होतो. पंचेचाळीस वर्षांचा घोडा. मंग कुठी अक्कल आली. पिशवी ठेवली, खिशातून रुमाल काढला अन् गेलो.

तोपर्यंत आमचं दार निघालं होतं. उंबरठा, जेवढा ती म्हणाली होती तेवढाच, ठेंगणा. माय उठली. हात लुगड्याले कोरडा केला. अन् सगळ्याईपुढं, साऱ्या हॉलले ऐकू जाईल असं म्हणाली, "हे माहं घर. अन् हे माह्या नवऱ्यानं खणलेली विहीर." बोट ठेवलं दारावर, मंग विहिरीवर. बाकीच्या बाया पण आपापलं घर शोधायले लागल्या, "हे आमचं", "हा माहा पाटा".

मी जवळ गेलो. म्या पण हात पुढं केला, दारावर ठेवायले. मायनं माहं मनगट धरलं.

"तू नको," ती म्हणे. "तू झाकलं होतं."

एवढंच बोलली. घरी आल्यावर तिनं मले जेवाले वाढलं, दुसऱ्या दिवशी चहा दिला, पुढं दोन वर्षं जगली, माह्याशी नीट बोलली, हासली पण. ती गोष्ट पुन्हा काढली नाई अन् परत पण घेतली नाई. बाबारावनं पोलिसात देतो म्हटलं होतं, काही दिलं नाई. स्वतःच्या मायले साक्षीले कुठी नेणार होता? फ्लेक्स पण आला नाई. भिंत आहे तशी आहे. बाबारावर मले गुस्सा आहेच, तो जाणार नाई. पण खरा गुस्सा कोणावर आहे हे तुमाले समजलंच असंल.

माय जाऊन आता चार वर्षं झाली. दरवर्षी पावसाळ्यानंतर मी हॉलमध्ये जातो. ओलीनं पापुद्रा सुटते तिथी ब्रश लावतो, कवेलू नीट करतो, झेंड्याले निळा हात देतो. आमच्या दाराशी आलो की ब्रश लांबून धरतो. बोट लावत नाई.